बाराशे चौदा दाखले

"ज्याचं आख्यान लावायचं त्याच्या घरचा चहा प्यायल्याबिगर मला गोष्ट उभी राहत नाय," असं कीर्तनकार सावळीरामबुवा आडके म्हणत. साधुसंतांच्या घरचा चहा ते कुठं पिऊन येत, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण यंदा रथसप्तमीला कीर्तन मंडळानं ठरवलेलं आख्यान जित्या माणसाचं होतं आणि ते माणूस गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावर राहत होतं. तेव्हा रथसप्तमीला आठ दिवस उरले असताना, शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला, बुवा डॉ. मंजुषा गर्गे यांच्या दारात उभे राहिले. कानाला मफलर, काखेत वही आणि पिशवीत व्याह्याच्या मळ्यातली द्राक्षं.

मंजुषाताईंना संकोच झाला होता. कीर्तन त्या जन्मभर ऐकत आल्या होत्या. लहानपणी आईच्या मांडीवर पेंगत ऐकलं, नोकरीच्या गावी दक्षिणेत कॅसेटवर ऐकलं, निवृत्त होऊन नाशिकला परतल्यावर पुन्हा पहिल्या रांगेत बसून ऐकलं. पण कीर्तनात आपणच असायचं, हे काही त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. हा सगळा घाट त्यांच्या धाकट्या भावानं, विश्वेशनं घातला होता. तो मंडळाचा चिटणीस, पेशानं वकील. "सूर्याच्या सणाला सूर्याच्या अभ्यासकाचं चरित्र," असा त्यानं बैठकीत मुद्दा मांडला आणि विरुद्ध बाजूचं कुणी हजर नसल्यानं तो मंजूर झाला.

बुवांनी चहाचा पहिला घोट घेतला, समाधानानं मान हलवली आणि वही उघडली. ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं फिटर असलेला हा माणूस. घर वारकरी, पण तरुणपणी पंचवटीतल्या एका गुरुजींच्या पायाशी बसून नारदीय कीर्तन शिकलेला. पहिल्या भागात निरूपण, मग मध्यंतर, मग आख्यान, अशी सगळी शिस्त. गादीवर उभे राहिले की भाषा अशी शुद्ध की पुण्याच्या माणसानं खाली पाहावं. गादीवरून उतरले की पुन्हा देवळालीची.

"मला एकदम अडाणी समजून सांगा, ताई. तुम्ही सूर्याचं नेमकं केलं काय?"

"डाग मोजले."

"सूर्यनारायणाला डाग हाय?"

"पुष्कळ. येतात, जातात. सूर्य स्वतःभोवती फिरतो, तसे तेही सरकतात. आज इथं दिसला, उद्या इतका पुढं. त्यावरून सूर्य किती वेगानं फिरतो ते कळतं."

त्यांनी कपाटातून एक झेरॉक्स काढून दाखवली. फुलक्याएवढं गोल वर्तुळ आणि त्यात पेन्सिलीचे चार-सहा ठिपके. दक्षिणेतल्या एका डोंगरावर जुनी वेधशाळा होती, आता बंद पडलेली. तिथला निरीक्षक रोज सकाळी दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायचा आणि डाग जसेच्या तसे पेन्सिलीनं उतरवून घ्यायचा. शेजारी वहीत वेळ लिहायची. अशी पन्नास वर्षांची चित्रं धूळ खात पडली होती. मंजुषाताईंनी त्यांतली दोन हजार तीनशे अकरा चित्रं, आखलेली काच वर ठेवून, सात वर्षं बसून मोजली. डागाची पहिली जागा इथल्या चित्रावरून घ्यायची, दुसरी जागा युरोपातल्या एका वेधशाळेच्या दुसऱ्या दिवशीच्या चित्रावरून. अंतराला मधल्या तासांनी भागायचं.

"हे तर चौथीचं गणित," बुवा म्हणाले.

"चौथीचंच. पण उत्तर वेगळं आलं. बेचाळीस ते पंचेचाळीस या वर्षांत सूर्य अगदी शांत होता, डाग फार थोडे. आणि त्याच वर्षांत तो तीन टक्के जोरात फिरलेला दिसला. चौऱ्याण्णव साली मी ते छापलं. शांत सूर्य जोरात फिरतो. त्याला लोक 'गर्गे परिणाम' म्हणायला लागले."

"आणि इश्वेशभाऊ म्हणत होते, बाराशेच्या वर काहीतरी हाय."

"सायटेशन्स. म्हणजे दाखले. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आपल्या लेखात माझ्या लेखाचा आधार दिला, असं बाराशे चौदा वेळा."

बुवांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमचं प्रमाण! बुवा बोलतो आपल्या मनचं, पण मधी संताचं वचन घालतो, तवा लोकांना पटतं. तसं बाराशे चौदा जणांनी तुमचं वचन घातलं. मंग तुम्ही संतच झाल्या की, ताई."

"नको हो. माझे एकूण शेहेचाळीस लेख. सगळ्यांचे मिळून अठराशे एकाहत्तर दाखले, त्यातले बाराशे चौदा या एकाचे. एका लेखावर तर मी सहा वर्षं खपले. त्याला चार आहेत. त्यातले तीन मीच दिलेत."

"आमच्यात बी असतं," बुवा हसून म्हणाले. "सोताचंच प्रमाण सोताला." मग त्यांनी वहीत बोट घातलं. "बेचाळीस ते पंचेचाळीस म्हणाल्या ना? मंग माझ्या बापाची गोष्ट निरूपणात झकास बसती बघा. बाप देवळालीच्या कॅम्पात दूध घालायचा. लढाईचे दिवस, गोऱ्या सोजिरांनी कॅम्प भरलेला. रोज सहाच्या ठोक्याला दूध पोचलं पायजे. एक दिवस पोचला, तर सार्जंट लाल. म्हणे सात वाजले! बाप म्हणतो सहाच हायेत. मंग कळलं, सरकारनं लढाईपायी सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढं सारलेली. बाप म्हणाला, साहेब, म्हशीला हुकूम कळला नाय!"

मंजुषाताई खळखळून हसल्या. बुवांना जोर चढला. "तीन वर्षं चाललं ते. कॅम्पाचे सहा म्हणजे गावाचे पाच. देवळात काकडआरती जुन्या टायमानं, हापिसं नव्या टायमानं. आमची आजी म्हणायची, घरात दोन सवती आल्या."

"किती तारखेपासून?" मंजुषाताईंनी विचारलं. हसू तोंडावर तसंच होतं, पण किटली हातात तशीच राहिली होती.

"तारीख काय ठावं? गणपतीच्या आगंमागं. लढाई संपल्यावर दिवाळीच्या टायमाला परत मागं आणली म्हणं."

बुवा आणखी अर्धा तास बसले. शाळा कोणती, वडील काय करायचे, लग्न का नाही केलं, सगळं विचारून त्यांनी लिहून घेतलं. मंजुषाताईंनी उत्तरं दिली. काय दिली ते त्यांना नंतर आठवेना.

बुवांची चप्पल जिन्यात वाजायची थांबली तशी त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातले खोके ओढले. वेधशाळेच्या वहीच्या झेरॉक्स साल लावून ठेवलेल्या होत्या. ऑगस्ट बेचाळीस. रोजच्या चित्राची वेळ: सात पन्नास, सात पंचेचाळीस, सात पंचावन्न. तीस आणि एकतीस तारीख कोरी, 'ढग'. तीन सप्टेंबरला एकदम आठ पन्नास. चारला आठ पंचावन्न. तिथून तीन वर्षं सगळ्या वेळा नवाच्या आसपास, आणि पंचेचाळीसच्या ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा आठाच्या आत.

निरीक्षकाचं काही बदललं नव्हतं. तो बिचारा रोजच्याच उन्हाला उठून रोजच्याच वेळी चित्र काढत होता. भिंतीवरचं घड्याळ पुढं गेलं होतं आणि त्यानं इमानानं घड्याळ लिहिलं होतं. मंजुषाताईंनी त्या वेळा नेहमीच्या धरून हिशेब केला, म्हणजे मधल्या तिसाएक तासांतला एक तास त्यांच्याकडून गळाला. तिसातला एक. तीन टक्के.

त्यांना खरं लागलं ते पुढंच. तीन सप्टेंबरच्या ओळीसमोर, समासात, बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'ड्यूटीची वेळ बदलली?' अक्षर त्यांचंच. साल अठ्ठ्याऐंशी. प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि पान उलटलं होतं.

त्या दिवशी आणि रविवारी त्यांनी वीस जोड्या हातानं पुन्हा मोजल्या. एक तास धरून. वेग दर वेळी नेहमीचाच आला. मग त्यांनी कुकर लावला, तीन शिट्ट्या मोजल्या आणि वरणभात खाल्ला.

जेवताना एक गोष्ट राहून राहून मनात येत होती. युरोपातल्या लोकांना आपल्याकडचं घड्याळ ठाऊक असायचं कारण नव्हतं. इथले बरोबरीचे सगळे स्वातंत्र्यानंतर जन्मलेले. बाराशे चौदा वेळा दाखला दिला गेला, पण वही एकानंही उघडून पाहिली नव्हती. उघडणार कशी? ती त्यांच्या कपाटात होती.

सोमवारी त्यांनी इराला फोन केला. इरा त्यांची शेवटची विद्यार्थिनी, आता पुण्यात प्राध्यापक. सगळा डेटा तिच्या संगणकावर होता. "वेळ एक तास मागे घेऊन परत चालव," एवढंच सांगितलं. बुधवारी दुपारी तिचा फोन आला.

"मॅडम, शून्य पॉइंट शून्य आठ टक्के. म्हणजे काहीच नाही."

"हं."

"माझ्या अकरा पेपरांत पहिला रेफरन्स तुमचा आहे."

"माहीत आहे गं."

"मी चिडलेली नाहीये. म्हणजे, चिडलेय. पण तुमच्यावर की त्या घड्याळावर, ते ठरत नाहीये. पुढच्या महिन्यात परिषद आहे. एक आख्खं सत्र गर्गे परिणामावर आहे, मॅडम. लोक तिकिटं काढून बसलेत. पत्र तुम्ही लिहिताय की मी लिहू?"

"मीच. चूक माझी आहे."

"मग लवकर लिहा."

पत्र एका पानाचं झालं. नियतकालिकाच्या संपादकांना. काय मोजलं, कुठं चुकलं, काय उरलं. काही उरलं नाही, हे लिहायला एकच ओळ लागली. संध्याकाळपर्यंत पत्र तयार होतं आणि मेलच्या कच्च्या मसुद्यांत जाऊन बसलं.

गुरुवारी विश्वेश पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं वकिलासारखं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग भावासारखा कपाळाला हात लावला.

"ताई, दोनशे पत्रिका वाटून झाल्यात. हे बघ काय छापलंय. 'सूर्याची गती उलगडणारी नाशिककन्या.' आणि तू म्हणतेस उलगडलीच नाही?"

"उलगडली. जशी होती तशीच आहे."

"छान. मी काय म्हणतो, पत्र पाठव. अडवतोय कोण? पण सोमवारी पाठव. एकतीस वर्षं चुकीचं चाललंय, त्यात चार दिवस गेले तर सूर्य काही पश्चिमेला उगवत नाही. रविवारी सत्कार, कीर्तन, सगळं नीट पार पडू दे. सोमवारी सकाळी चहा घे आणि बटण दाब. कायद्यानं, नीतीनं, कशानंही यात खोट नाही."

मंजुषाताईंना ते पटलं. पटलं आणि म्हणूनच त्या अस्वस्थ झाल्या. शुक्रवारी सकाळी पूजा करताना, देवाला स्नान घालून गंध लावेपर्यंत, डोळ्यांसमोर एकच यायचं: बुवा गादीवर उभे आहेत, टाळ्या पडताहेत, आणि बुवांच्या तोंडून, जे कधी खोटं बोलत नाही त्या तोंडून, तीन टक्के. पूजा आटोपून त्या देवळाली गावाच्या बसमध्ये बसल्या. बुवांना सांगू, दुसरं कुठलंही आख्यान लावा. आपण येणारच नाही, तब्येतीचं कारण सांगू. कुणाला काही कळणार नाही, खोटंही बोललं जाणार नाही.

बुवांच्या घराच्या अलीकडेच त्यांना पेटी ऐकू आली. ओट्यावर बुवांची बायको नवसाबाई मेथी निवडत होती. आत बुवा आख्यानासाठी रचलेली साकी घोळवत होते, डोळे मिटून:

"शांत रवी परि वेग तयाचा तीन कळांनी वाढे,
मंजूषेच्या हाती देवें गूज दिले हे गाढे..."

"या, या ताई!" त्यांनी डोळे उघडले. "ऐकलं? 'टक्के' काही केल्या बसंना, म्हणून 'कळा' घातलं. तीन दिवस लागले चालीला."

मंजुषाताई पायरीवरच बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. घड्याळ, वही, पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह. बुवांनी ऐकता ऐकता पेटीचा भाता मिटला. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी साकीचा कागद घडी घालून वहीत ठेवला.

"म्हणजे आमच्या बापाच्या दुधानं तुमचा सूर्य नासवला म्हणा की."

"दूध चांगलंच होतं, बुवा. भांडं माझं धुतलेलं नव्हतं." त्या कसनुशा हसल्या. "तुम्ही माझं आख्यान लावू नका. दुसरं काहीही लावा. मी येत नाही, बरं नाही म्हणून कळवते."

"बरं नाय तुम्हाला?"

"बरं आहे."

"मंग?"

मंजुषाताईंनी मेथीची एक काडी उचलून निवडायला घेतली.

"चिठ्ठी गेली का त्या संपादक साहेबाकडं?" बुवांनी विचारलं.

"लिहिलीय."

"गेली का, असं इचारलं."

"नाही."

"का नाय?"

समोरच्या गल्लीतून कॅम्पाकडे जाणारी एक रिक्षा गेली. मंजुषाताईंनी काडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझा तो एकच लेख आहे, बुवा. बाकीचे पंचेचाळीस कुणी वाचत नाही. जगात कुठंही गेले तरी लोक म्हणतात, अच्छा, त्या गर्गे! हा गेला की नोकरीची चौतीस वर्षं मी काय केलं, ते मलाच सांगता येणार नाही."

बुवांनी पेटी झाकली. बायकोला चहा टाकायला सांगितला. मग स्वतः उठून ओट्यावर येऊन बसले.

"मी नऊ वर्षं एका संताचं वचन दुसऱ्या संताच्या नावावर सांगत व्हतो. गुरुजींकडून ऐकताना माझाच कान चुकला असंल. इगतपुरीला कीर्तनात एक म्हातारी उभी राहिली, म्हणाली, बुवा, हे त्यांचं नव्हं. घरी येऊन गाथा काढली, तर म्हातारी खरी. दुसऱ्या दिवशी गादीवरून सांगितलं, माझं चुकलं. मला वाटलं झालं, सुटलो." त्यांनी मफलर सोडून पुन्हा बांधला. "सुटतो कुठला? पुढं चार गावांत, चार येगळ्या बुवांच्या तोंडून मी माझीच चूक ऐकली. माझ्याकडून उचललेली. त्यांना काय ठावं! ठेक्यात म्हणत्यात, लोक माना डोलवत्यात. आपली चूक दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकायची म्हणजे लय वंगाळ, ताई. कुणाकुणाचा हात धरणार? नऊ वर्षांऐवजी पयल्या वर्षी कळतं तर चारातला एक तरी वाचला असता."

मंजुषाताईंना इराचं बोलणं आठवलं. लोक तिकिटं काढून बसलेत.

"तुमचं आख्यान लावायचं का नाय, ते मी बघीन. ते माझं काम," बुवा म्हणाले. "पण दुखणं सांगून घरी बसायचं असंल तर मला कशाला इचारायला आलात? ते काय इचारून करायचं असतं व्हय?"

नवसाबाईनं चहा आणून ठेवला. मंजुषाताईंनी पिशवीतून फोन काढला, चष्मा चढवला आणि मसुदा उघडला. "एक तुम्हाला विचारायचं राहिलंय. लढाईतल्या घड्याळाची गोष्ट मला कुठून कळली, ते पत्रात लिहावं लागतं. मी मागाहून सरकारी कागद शोधले, ते दिलेत. पण आधी कळलं तुमच्याकडून. तुमचं नाव घातलंय. सावळीराम आडके, देवळाली."

"माझं? विंग्रजीत?" बुवा दचकले. "छे छे. माझं कशापायी? गोष्ट बापाची हाय. बापाचं घाला. पुंजा रामजी आडके."

"सांगितली तुम्ही."

"सांगणारा मी, घडली त्याला. आम्ही बी प्रमाण देतो ते संताचं देतो, ज्या बुवाकडून ऐकलं त्याचं नाय."

"मंग म्हशीचं बी घाला," नवसाबाई आतून म्हणाली. "हुकूम तिनंच मोडला."

मंजुषाताईंनी दोन्ही नावं घातली, पुंजा रामजी आधी, सावळीराम नंतर. म्हशीचं राहिलं. मग बटण दाबलं. फोननं जरा वेळ घेतला, कॅम्पाच्या बाजूला रेंज कमीच, आणि मग 'पाठवले' असं दिसलं.

"गेलं?"

"गेलं."

"चहा गार झाला," बुवा म्हणाले. "दुसरा टाक गं. आणि ताई जेवून जात्याल."

नवसाबाईच्या हातची मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी खाऊन त्या दुपारच्या बसनं परतल्या. बसमध्ये त्यांना चक्क झोप लागली. आठवड्यातली पहिली सरळ झोप.

शनिवारी संपादकांचं उत्तर आलं. पत्र मिळालं, तपासणीला दिलं आहे, मूळ लेखावर सूचना लावत आहोत. कोरडं, सभ्य. इराचाही निरोप आला: 'वाचलं. परिषदेवाल्यांना मी कळवलं. पुंजा रामजी आडके कोण?' मंजुषाताईंनी उत्तर लिहिलं, 'फोनवर सांगते. मोठं आहे.'

रविवारी रथसप्तमी. सकाळी सूर्यनारायणाला अर्घ्य दिलं, गॅलरीत छोट्या शेगडीवर दूध उतू घालवलं. संध्याकाळी पाचला पंचवटीतल्या देवळाच्या सभामंडपात त्या पोचल्या तेव्हा सतरंज्या भरल्या होत्या. विश्वेश दाराशी उभा होता. शुक्रवारी पत्र गेल्याचं कळल्यापासून तो बोललेला नव्हता, पण खुर्ची मात्र त्यानं पुसून ठेवली होती. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. पहिल्या रांगेत लताबाईंशेजारी सतरंजीवर बसल्या. लताबाई त्यांच्या लहानपणच्या शेजारीण, पंच्याऐंशीच्या, कीर्तन कधी न चुकवणाऱ्या.

निरूपण रंगलं. म्हशीला हुकूम कळला नाही, तिथं मंडप हसून हसून वाकला. मध्यंतराला बुवांना हार पडला, कपाळी बुक्का लागला, तबलजीनं हातोडी काढली. दर वेळी एवढ्यात बायका गुडघे मोकळे करून घेतात आणि पुरुष गप्पांना सुरुवात करतात. बुवांनी हात वर केला.

"आख्यानाआधी ज्यांचं आख्यान आहे त्यांना दोन शब्द बोलायचे आहेत. कृपा करून ऐकावे."

मंजुषाताई उठल्या. गादीवर गेल्या नाहीत, गादीच्या बाजूला, समईपाशी उभ्या राहिल्या.

"पत्रिकेत छापलंय की मी सूर्याची गती शोधली," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षांपूर्वी मी लिहिलं की लढाईच्या काळात सूर्य जोरात फिरत होता. त्यावर बाराशे चौदा लोकांनी विश्वास ठेवला. आत्ता बुवांनी जी घड्याळाची गोष्ट सांगितली, ती मला ठाऊक नव्हती. घड्याळ पुढं गेलं होतं, मला वाटलं सूर्य पुढं गेला. विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. त्यामुळं तो शोध खरा नाही. तसं मी शुक्रवारी कळवलं आहे. तुम्ही माझ्यासाठी आलात, म्हणून तुम्हालाही सांगते."

टाळी वाजवायची की हळहळायचं, कुणाला उमगेना. मागच्या खांबापाशी कुणीतरी खोकलं. तेवढ्यात लताबाईंनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"मंजू, म्हणजे सूर्य आता कसा फिरतोय?"

"नेहमीसारखाच, काकू."

"आणि तेव्हा?"

"तेव्हाही नेहमीसारखाच."

"मग झालं तर," लताबाई म्हणाल्या. "मला वाटलं काही बिघडलं की काय. बस खाली, गुडघे दुखतील."

पहिल्यांदा बुवाच हसले. मग मंडप हसला, आणि त्या हसण्यात मंजुषाताईही हसल्या. डोळे पुसता पुसता खाली बसल्या तेव्हा लताबाईंनी आपली अर्धी शाल त्यांच्या पायांवर ओढली.

बुवांनी चिपळ्या उचलल्या. आख्यान ठरलेलंच लावणार, एवढंच म्हणाले. ही नाशिकची मुलगी, हे तिचं घर, हा तिचा बाप रोज पहाटे गोदेवर जाणारा, असं सुरूही केलं. विश्वेश अजून कडेला उभा होता. हातातल्या ताटात सत्काराची शाल, श्रीफळ आणि फुलांचा गुच्छ. तो वाकून ताईच्या कानाशी आला.

"ताई, आता याचं काय करू? मंडळाचा ठराव झालेला आहे."

"गुच्छ देवाला वाहा," मंजुषाताई पुटपुटल्या. "शाल काकूंना दे, त्यांना थंडी वाजतेय."

"आणि नारळ?"

"फोड. कीर्तन संपलं की खोबरं वाट सगळ्यांना. बारीक तुकडे कर म्हणावं, माणसं बरीच आहेत."